नाव आणि कस

बेळगावातल्या एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाच्या खिडकीमागे मी बावीस वर्षं काढलीत. टेबलावर तराजू आणि रजिस्टर असतं. शेजारी आमचे सोनार बसतात आणि त्यांच्यासमोर तळहाताएवढा काळा दगड असतो, कसोटी. दागिना त्यावर घासला की पिवळी रेघ उमटते. तोच कस. मग काचेच्या कांडीने त्या रेघेवर ॲसिडचा थेंब सोडायचा. सोनं असलं तर रेघ जागची हलत नाही. पितळ असलं तर हिरवट फेस येतो आणि रेघ पुसून जाते. अर्ध्या मिनिटाचं काम.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक पंच रुमालात चार पाटल्या बांधून आले. रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर बसणारा, कुणाच्याही मयतीला सर्वांत आधी पोचणारा माणूस. मीच उठून खुर्ची दिली. सोनारांनी पाटल्या हातात घेतल्या, वजन केलं आणि दगड बाजूला सारला.

"पंचांचं काय घासायचं ओ? वजन लिहा की."

मी लिहिलं. पुढच्या वर्षी फेरतपासणीत त्याच पाटल्या दगडावर घासल्या आणि रेघ फेसात गेली. वर मुलामा, आत पितळ.

चारित्र्य म्हणजे काय, लौकिक म्हणजे काय आणि ख्रिस्ती माणसाने या दोहोंकडे कसं बघावं, हे समजावून सांगताना मला दरवेळी ती दुपार आठवते. त्या दिवशी आम्ही सोनं तपासलंच नव्हतं, माणसाचं नाव तपासलं होतं. आणि चूक एकट्या पंचांची नव्हती.

आधी शब्दांचं बघू. आम्ही ज्या धंद्यात आहोत त्याच्या नावातच 'पत' आहे. पत तुमची म्हणतात खरी, पण ती ठेवलेली असते दुसऱ्यांच्या डोक्यात. तुम्ही तिला कुलूप लावू शकत नाही. लौकिक, अब्रू, इज्जत, इभ्रत हे सगळे शब्द त्याच घरातले. मराठीत या सगळ्यांना मिळून एक साधा शब्द आहे, 'नाव'. आपण नाव काढतो, नाव कमावतो, नाव घालवतो, नाव बुडवतो. गंमत म्हणजे बाळाचं 'नाव ठेवतो' आणि शेजाऱ्याला 'नावं ठेवतो'. एकच क्रियापद, पाळण्यापासून पारापर्यंत. इकडे सीमेवर कानडीतही तसंच. 'हेसरु' म्हणजे नाव आणि 'हेसरु'च म्हणजे लौकिक. चिकोडी-अथणीकडची आई पोराला दम देते, 'हेसरु केडसब्याड', म्हणजे नाव घालवू नकोस. आमच्या गावाचं सरकारी नावच 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं, त्यावरून कोण काय म्हणतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी त्यात पडत नाही. पण गल्ल्या त्याच राहिल्या आणि पावसाळ्यात तुंबणारी गटारंही तीच राहिली.

चारित्र्य हा शब्द 'चर्' धातूवरून आला आहे. चर् म्हणजे चालणे, फिरणे. म्हणजे माणूस कसा चालतो ते. शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'वर्तणूक' असा रकाना असतो आणि त्यात सगळ्यांच्या नशिबी एकच शब्द, 'चांगली'. माझ्याही दाखल्यावर तेच आहे, वर्गाच्या दोन काचा माझ्या हातून गेल्या असूनही. दाखल्यावरचं ते नाव आणि काचा फोडणारा तो मी. तिथून हा फरक सुरू होतो.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. आपल्याकडे 'चारित्र्य' हा शब्द निघाला की बोलणारा बहुतेक वेळा एखाद्या बाईबद्दल, तेही तिच्या पाठीमागे, बोलत असतो. पुरुष उधारी बुडवतो, खोटी साक्ष देतो, बायकोवर हात टाकतो, तेव्हा त्याला कुणी चारित्र्यहीन म्हणत नाही. बायबल या शब्दाचा एवढा आखूड अर्थ घेत नाही. वजनमाप खोटं ठेवणं, मजुराची मजुरी अडकवणं, विधवेचं घर गिळणं, या सगळ्याचा हिशेब त्यात चारित्र्याच्या खात्यावरच आहे.

आता धर्माकडे वळू. पुष्कळ ख्रिस्ती माणसं पटकन म्हणतात, 'लोकांचं काय घेऊन बसलाय, देव अंतःकरण बघतो.' हे अर्धंच खरं आहे आणि ते म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची कातडी जाड असते असं माझं निरीक्षण आहे. देव हृदय बघतो हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहेच. इस्राएलसाठी नवा राजा निवडायला इशायाच्या घरी गेलेला संदेष्टा शमुवेल थोरला उंचापुरा मुलगा बघून भुलतो तेव्हा देव त्याला ते ऐकवतो. पण त्याच बायबलात नीतिसूत्रांच्या 22व्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे की, चांगलं नाव मोठ्या संपत्तीहून पसंत करावं. उपदेशकाच्या 7व्या अध्यायात चांगलं नाव सुगंधी तेलापेक्षा बरं म्हटलंय. मूळ हिब्रूत तिथे शब्दांचा खेळ आहे, नावाला 'शेम' आणि तेलाला 'शेमेन'.

बायबलाच्या दुसऱ्या भागात, नव्या करारातही तेच. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोजचं अन्न वाटताना भेदभाव होतो अशी कुरकुर झाली तेव्हा सात माणसं नेमली. अट काय घातली? लोकांत ज्यांच्याबद्दल चांगली साक्ष आहे अशी माणसं हवीत. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मंडळीच्या अध्यक्षाबद्दल बाहेरच्या लोकांचंही मत चांगलं असलं पाहिजे. बाहेरच्या, म्हणजे जे ख्रिस्ती नाहीत त्यांचं. आमच्याकडे उलट दिसतं. मंडळीत ज्याचं वजन त्याला पद, मग बाजारात किराणावाला त्याच्याबद्दल काय बोलतो हे विचारायला कोण जातंय?

पौल स्वतः पैशाच्या बाबतीत किती जपून वागला ते करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला. कारणही स्पष्ट लिहिलं, की देवासमोर तर चोख असावंच, माणसांसमोरही असावं. आमच्याकडे अर्पणाची पिशवी दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची हा नियम आहे. तो त्याच विचारातला. अविश्वास म्हणून कुणी तो करत नाही.

म्हणजे नाव महत्त्वाचं आहे. मग बिघडतं कुठे?

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात एक साखळी आहे. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. मराठी बायबलात जिथे 'शील' आहे तिथे ग्रीकमध्ये 'डोकिमे' असा शब्द आहे. त्याचं कुळ पारखण्याचं. नाणं खरं की खोटं, धातू शुद्ध की हिणकस हे तपासून जे खरं ठरलं ते 'डोकिमोस'. पाळकांनी एकदा प्रवचनात हे सांगितलं आणि मला हसू आलं. आपल्याकडे यासाठी शब्द तयारच आहे, कसाला उतरलेला. शील म्हणजे कसाला उतरलेपण. त्या अर्थाने चारित्र्य नुसतं चांगलं वागणं नसतं. ते दगडावर घासलं गेलेलं आणि ॲसिड पडूनही राहिलेलं असतं. घासल्याशिवाय ते आहे की नाही हे सांगता येत नाही, ज्याचं आहे त्यालाही नाही.

याच कसोटीला जुने लोक 'लिडियाचा दगड' म्हणत. लिडिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला एक भाग, जगातली अगदी पहिली नाणी पाडणाऱ्यांपैकी एक राज्य. त्याची राजधानी सार्दीस. आणि बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या 3ऱ्या अध्यायात, ज्या मंडळीला सर्वांत बोचरं पत्र येतं ती सार्दीसचीच. पत्राचा आशय असा की, तू जिवंत आहेस असं तुझं नाव आहे, पण तू मेलेला आहेस. नाव हाच शब्द, ग्रीकमध्येही. पुढचं वाक्य, जागा हो. सार्दीसकरांना हे दुप्पट लागलं असणार. त्यांचा गड उभ्या कड्यावर, अजिंक्य म्हणून ख्याती. त्या ख्यातीवर विसंबून कड्याच्या बाजूला पहारा ठेवला नाही आणि इ.स.पू. 546च्या सुमारास इराणी सम्राट कुरूशाचे सैनिक तिकडूनच चढले. तीनशेहून जास्त वर्षांनी दुसऱ्या एका राजाने पुन्हा तसंच केलं. गडाचं नाव एवढं मोठं की कडा कुणी तपासलाच नाही. आम्ही पाटल्या तपासल्या नाहीत, तशातलाच प्रकार.

आता येशूचं डोंगरावरचं प्रवचन. मत्तयाच्या 6व्या अध्यायात तो म्हणतो, दान करताना पुढे कर्णा वाजवू नका, चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करू नका, उपास केला तर तोंड उतरवून हिंडू नका. तसं करणाऱ्यांना मराठीत 'ढोंगी' म्हटलंय. मूळ शब्द 'हुपोक्रितेस' नाटकातल्या नटाला वापरत. सौंदत्तीकडच्या जत्रेत बयलाटातला, म्हणजे कानडी लोकनाट्यातला, राजा पहाटे मुकुट काढून बिडी ओढताना मी पाहिलाय. त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही, कारण मुकुट काढायचा असतो हे त्याला माहीत आहे. ज्याला ते माहीत नाही, त्याच्याबद्दल येशू बोलतोय.

त्याच अध्यायात एक वाक्य तीनदा येतं, त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. इथे 'अपेखो' हे क्रियापद आहे. त्या काळच्या व्यापारी पावत्यांवर ते असे. 'रक्कम पूर्ण पोचली.' आमच्या भाषेत सांगायचं तर खातं बंद. लोकांनी वाहवा करावी म्हणून दिलंस, लोकांनी वाहवा केली, पावती फाडली, आता देवाकडे येणं काही नाही. बावीस वर्षं पावत्या फाडणाऱ्या माणसाला यातला थंडपणा बरोबर कळतो.

इथे एक शंका बरोबर निघते. आधीच्याच अध्यायात, 5:16 मध्ये, येशू म्हणतो की तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या, तुमची चांगली कामं त्यांना दिसू द्या. मग दाखवायची की लपवायची? नीट वाचलं तर तिथे पुढे लिहिलंय, दिसू द्या म्हणजे ते तुमच्या स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतील. प्रश्न दिसण्याचा नाही, खातं कुणाच्या नावावर जमा होतंय याचा आहे. वीज गेल्यावर घरात कंदील लावतो तो कंदील बघायला नव्हे. मात्र हे व्यवहारात सोपं आहे असं मी म्हणणार नाही. मंडळीच्या हॉलमधल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं आणि पंखा सुरू होईपर्यंत ते वाचता येतं.

येशूने आणखी एक उपमा दिली आहे, चुना लावलेल्या कबरी. मराठीत चुना लावणे म्हणजे फसवणे. भाषांतर करणाऱ्यांना हे आयतं मिळालं.

पण या विषयावरची सर्वांत कडक गोष्ट मला वाटतं हनन्या आणि सप्पीरा यांची. ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते, म्हणून जरा थांबतो. येशूने निवडलेल्या शिष्यांची, म्हणजे प्रेषितांची, हकिगत सांगणाऱ्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात 4थ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबा नावाचा माणूस येतो. त्याने आपलं शेत विकलं आणि सगळे पैसे आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवले. लगेच 5व्या अध्यायात हे नवरा-बायको येतात. त्यांनीही जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि उरलेले 'हेच सगळे' म्हणून आणून दिले. दोघंही त्या दिवशी मेली. लहानपणी आम्हाला याचा अर्थ असा सांगत की देवाचे पैसे चोरले. पण प्रेषितांचा पुढारी पेत्र हनन्याला काय म्हणतो ते बघा. जमीन तुझीच होती ना? विकल्यावरही पैसे तुझ्याच ताब्यात होते ना? म्हणजे कुणी सगळं मागितलंच नव्हतं. निम्मे दिले असते आणि निम्मे म्हणाले असते, तर काही बिघडत नव्हतं. त्यांना बर्णबाचं नाव हवं होतं, बर्णबाची किंमत न मोजता. शिक्षा झाली ती त्या फरकाबद्दल. जमिनीचा भाव इथे बिनमहत्त्वाचा आहे. आपल्यात जे नाही त्याची पत आपण वापरतो, तोच हा गुन्हा, आणि तो बहुधा देवळातच होतो, कारण तिथे अशा नावाला भाव आहे.

याच्या उलट टोकाला योसेफ आहे. उत्पत्तीच्या 39व्या अध्यायात त्याचा मालक पोटीफर याची बायको त्याच्यावर आळ घेते, पुराव्याला त्याचं वस्त्र तिच्या हातात असतं. नाव गेलं, नोकरी गेली, तुरुंग पदरात पडला. शील मात्र जागच्या जागी होतं. आणि पंचनामा त्याच्याविरुद्ध होता. म्हणून कुणाचं नाव खराब आहे एवढ्यावरून त्याचं शील ठरवू नये, हाही या शिकवणुकीचा भाग आहे, जो चहाच्या टपरीवर कुणी लक्षात ठेवत नाही. खुद्द येशूला लोक खादाड, दारुडा, जकातदारांचा दोस्त म्हणत. मेला तो दोन लुटारूंच्या मध्ये.

आपल्या गावचं उदाहरण द्यायचं तर बाबा पदमनजींचं. 1831 साली बेळगावात जन्म, इथल्याच मिशन शाळेत शिक्षण आणि 1854 साली इथेच बाप्तिस्मा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' त्यांचीच. आज त्यांचं नाव अभ्यासक्रमात आहे. पण त्या काळी बाप्तिस्मा घेणं म्हणजे जातीतून उठणं, 'बाटला' हा शिक्का. नाव पुढे मिळेल याची कुणी हमी दिली नव्हती. त्यांचा निर्णय तुम्हाला पटो न पटो, नाव जाणार हे दिसत असताना माणूस चालतो कसा, हे त्यातून बघता येतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ख्रिस्ती शिकवण म्हणजे कंबर कसून चांगलं वागा. तसं नाही, आणि हा भाग समजावायला सर्वांत अवघड. पुष्कळ नीतिशास्त्रांत माणूस शील घडवतो आणि मग देवासमोर उभा राहतो. इथे क्रम उलटा आहे. देवाला तुझ्या पाटल्या पितळेच्या आहेत हे आधीच ठाऊक आहे आणि तरी त्याने तुला हाकललेलं नाही. याला कृपा म्हणतात. म्हणून गलतीकरांस पत्रात प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता अशा नऊ गुणांना 'आत्म्याचं फळ' म्हटलंय. फळ एकवचनी, आणि फळ झाडाला लागतं, ते चिकटवता येत नाही. पेत्राचंच बघा. येशूने ज्याला 'खडक' असं नाव दिलं, तो एका रात्रीत एका दासीपुढे आणि आसपासच्या इतरांपुढे मिळून तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला. पुढे त्याला मेंढरं सांभाळायचं काम मिळालं ते पराक्रमामुळे नव्हे. आणि ही नामुष्की चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, लिहून ठेवली आहे. पहिल्या मंडळीने आपल्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्याचं नाव सांभाळायला पान फाडलं नाही.

हे आम्हाला त्या वर्षी फार उपयोगी पडलं. पाटल्यांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मंडळीच्या कमिटीत दोन तट पडले. एक तट म्हणाला, गुपचूप मिटवा, बाहेर कळलं तर ख्रिस्ताचं नाव खराब होईल. मी मनातून त्यांच्याच बाजूचा होतो, कारण माझीही सही रजिस्टरवर होती. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी, खानापूरच्या, म्हणाल्या, "लपवलं तर आणि एक खोटं होतंय की. ख्रिस्ताचं नाव तुम्ही सांभाळताय व्हय? तोच तुमाला सांभाळालाय." त्यानंतर फार बोलणं झालं नाही.

मत्तयाच्या 18व्या अध्यायात पायऱ्या दिल्या आहेत. आधी एकट्याने जाऊन बोला, मग दोघं-तिघं घेऊन, मग मंडळीसमोर. पहिल्याच पायरीला पंच रडले. खऱ्या पाटल्या मुलीच्या लग्नात विकल्या होत्या. आठशे माणसांचं जेवण, बॅन्ड, हॉल. नावाला साजेसं व्हायला हवं होतं ना. नावाने शील खाल्लं ते असं, वरणभाताबरोबर. मी मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितलं की कस न घेता वजन मी लिहिलं. वर्षभर पगारवाढ थांबली. संस्थेने कर्ज वसुलीला लावलं आणि हप्ते बांधले. पंचांनी पद आपणहून सोडलं आणि बाक बदलला. पहिल्यावरून शेवटच्या आधीचा. त्यांना परत पद द्यावं का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. पौल म्हणतो, सेवकांची आधी पारख होऊ द्या, मग त्यांनी सेवा करावी. तिथेही मूळ शब्द 'डोकिमे'च्याच कुळातला, कसोटीवरचा. म्हणून अजून थांबलो आहोत. सोनार आता सगळ्यांचं घासतात, माझ्या बायकोच्या बांगड्याही त्यांनी माझ्यासमोर घासल्या आणि मला क्षणभर राग आला.

पंच दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत येतात. पहिल्या वर्षी ते खिडकीशी वाकून, मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायचे. मीही पासबुकावर आकडा बोटाने दाखवायचो. हल्ली रांगेत उभं राहून ओळखीच्यांशी गप्पा मारतात, नंबर आला की पैसे सरकवतात आणि सरळ विचारतात, "किती राहिले ओ अजून?"

"एकवीस हजार चारशे," मी तेवढ्याच आवाजात सांगतो.